दोन ते चारचा पहारा

गुरुवार होता. ज्वारी उपटून तिसरा दिवस, तरी त्रिंबकच्या तळहातावरचे फोड अजून ओलेच होते. अडीच एकर शाळू दोघा नवराबायकोनं आणि सुनेनं मिळून आठ दिवसांत मुळासकट उपटला होता. आता तो रानभर आडवा पडला होता, सगळी कणसं एका अंगाला करून. पांढरी, टपोरी, हातावर घेतली तर वजन लागावं अशी.

भिवराबाईनं उकिडवं बसून एक ताट वाकवून बघितलं. ताट मोडलं नाही, नुसतं वाकलं.

"ओल हाय आजून," ती म्हणाली. "तरी बांधून टाकू. सुडी लावू, वरून ताडपत्री टाकू."

"हिरवं बांधलं तर आतून बुरसंल की," त्रिंबक म्हणाला. "काळा कडबा बैल तरी खात्याल का? दोन दिवस वाळू दे. रविवारी रामेश्वर येतोय."

"आन पाऊस आला तर?"

"फाल्गुनात कावून येतोय पाऊस?"

"गेल्या साली आलता. त्याच्या आदल्या साली गारा आलत्या. त्याला काय पंचांग वाचता येतंय?"

बांधावर पाण्याची कळशी घेऊन आलेल्या सुनेनं, मनिषानं, कमरेचा मोबाईल काढला. "मामा, सकाळधरनं तीनदा आलंय यावर. बीड जिल्ह्याला पिवळा इशारा. वारं, इजा, गारा."

"त्ये रोजच पिवळं आसतंय," त्रिंबक म्हणाला.

वाट बघायची त्याची जन्माची सवय. पाळीची लाईट, तलाठ्याची सही, सोयरिकीचा निरोप, सगळ्याची त्यानं आयुष्यभर वाट बघितली होती आणि बघितलेली वाट कधीतरी फळाला येतेच असं त्याच्या मनानं घेतलं होतं. पोरगा रामेश्वर चाकणला कंपनीत होता. त्याला सुट्टी रविवारी. तो आला की चार हात वाढतील, तोवर ज्वारी वाळेल, सगळं कसं जागच्या जागी बसेल. मजूर लावायचा म्हटलं तर माणूस कुठं होतं? निम्मं गाव ऊसतोडीला गेलेलं, अजून परतलेलं नव्हतं. उरलेलं सप्ताहात.

आणि त्रिंबक स्वतःही सप्ताहातच होता.

युसूफ वडगावच्या अलीकडं तीन कोसांवरचं हे गाव. फाल्गुनात इथं सात दिवस नाम अखंड चालतं. मारुतीच्या पारापुढं मांडव, मांडवात उभा विणेकरी, त्याच्या बाजूला टाळकरी. पहाटे काकडा, सकाळी पारायण, सांजच्याला हरिपाठ, मग कीर्तन. शेवटच्या दिवशी, रविवारी, काल्याची दिंडी गावातून फिरते. पण काकडा असो की कीर्तन, वीणा कधी खाली टेकत नाही. दोन दोन तासांचे पहारे. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात. दोघांनी एकमेकांच्या पाया पडायचं आणि घ्यायची. वीणा टेकली की नाम तुटलं, नाम तुटलं की गावाला दोष. आजवर ते कधी तुटलं नव्हतं. माणसं तापानं फणफणत उभी राहिली होती, पण तुटलं नव्हतं.

त्रिंबकचा पहारा दुपारी बारा ते दोन. भर उन्हाचा, जेवणाच्या वेळेचा, कुणाला नको असलेला. त्यानं तो आपणहून मागून घेतला होता, बारा वर्षांपूर्वी. कीर्तनावर त्याचा भारी जीव. महाराजांनी चाल धरली की त्याचे डोळे आपोआप भरून यायचे, आणि टाळकऱ्यांनी पाऊल टाकलं की बसल्या जागी त्याचा अंगठा हलायचा. दोन तास वीणा गळ्यात असली की आपण कुणीतरी आहोत, असं त्याला वाटायचं. एरवी कुठं वाटणार?

दोन ते चार तानाजीरावांचा. तानाजीराव म्हणजे गावातली चाळीस एकर बागायत, दारात पांढरी गाडी, पुढाऱ्यांची ऊठबस. यंदा त्यांनी सातही दिवसांचा पहारा स्वतःच्या नावानं लावून घेतला होता. फलकावर त्यांचं नाव विठ्ठलाच्या खालोखाल होतं आणि अक्षर जरा विठ्ठलाहून मोठं होतं.

पहिल्या दिवशी ते दहा मिनिटं उशिरा आले. दुसऱ्या दिवशी पंचवीस. बुधवारी पाऊण तास. गुरुवारी तीन वाजून गेले तेव्हा पांढऱ्या गाडीतून उतरले आणि हसत म्हणाले, "त्रिंबक, तुजं पुण्य वाढवितोय बे मी. मला शिव्या दिऊ नको."

मांडवातली दोघं-तिघं हसली. त्रिंबकही हसला. त्यानं वाकून त्यांच्या पायांना हात लावला. तानाजीरावांनी वाकल्यासारखं केलं, हात गुडघ्यापर्यंत आला आणि परत गेला.

शुक्रवारी साडेतीन.

त्या दिवशी रानात जाऊन पोचला तोवर ऊन कलतं होतं. भिवराबाई वाकून ताटं पलटत होती. वाऱ्याला एक ओला वास होता. पश्चिमेला, केजच्या अंगाला, आभाळ गढूळ झालं होतं.

"उद्या बांधू," तो आपणच म्हणाला. "पहाटं लागू. दुपारपतोर निम्मी व्हईल. दोनच्या ठोक्याला मी परत येतो, मग उरलेली."

"दोनच्या?" भिवराबाईनं विचारलं.

"दोनच्या."

"तानाजीरावानं सांगितलंय तुमाला?"

शनिवारी झुंजूमुंजू व्हायच्या आत तिघं रानात होती. ताटांचाच पीळ घालून बंद करायचा, कवेभर ताटांची कवळ ओढायची, गुडघा द्यायचा, आवळून गाठ मारायची. पेंढीवर पेंढी. मनिषा बंद वळत होती, भिवराबाई कवळ करत होती, त्रिंबक बांधत होता. फोड फुटले, पीळ लाल झाले. अकरा वाजेतो एक तृतीयांश रान उचललं गेलं आणि मधोमध पेंढ्या रचून सुडीचा बुडखा बसला. त्रिंबक विहिरीवर गेला, दोन बादल्या अंगावर घेतल्या, धुतलेलं धोतर नेसला, गळ्यातली माळ सारखी केली.

"अवो," भिवराबाई म्हणाली, "आज दुसऱ्या कुणाला तरी सांगा ना."

"कुणाला सांगू? दुपारी असतंय कोण?"

"आभाळाकडं बगा तरी."

त्यानं बघितलं. आभाळ अजून लांब होतं. "दोनच्या ठोक्याला," तो म्हणाला आणि निघाला.

दोन वाजले. मांडवात आसारामतात्या होते, पंचाहत्तरीचे, टाळ धरलेले. गुडघ्यांत वाटी बदललेली, म्हणून खुर्चीवर बसून. त्यांच्या शेजारी पेंगत असलेला आणखी एक म्हातारा. मांडवाच्या बाहेर, दोरीच्या पलीकडं, रामप्रसाद बसला होता. त्याच्या घरात नात झाली होती, म्हणून दहा दिवस शिवायची बंदी. तो दोरीपलीकडून टाळ्या वाजवत होता. चांगला दणकट गडी, पण उपयोग शून्य.

अडीच झाले.

"रामकृष्ण हरी," त्रिंबक म्हणत होता. "जय जय रामकृष्ण हरी." बोटं तारेवर पडत होती, पाय एकाआड एक हलत होते आणि मन रानात होतं. नाम मुखात असलं की मन मोकळं होतं, असं महाराज सांगायचे. त्रिंबकच्या मनात पेंढ्या होत्या. एकेका नामाला एक पेंढी. देवा, ही काय माझी भक्ती झाली का, असं त्याला वाटलं आणि लगेच वाटलं, देवा, तीन वाजत आले.

स्वयंपाकाच्या चुलाणाकडून राधाकिशन आला. सप्ताहाचा सगळा बंदोबस्त त्याच्याकडं. त्याच्या कानाला मोबाईल होता.

"कुठवर आलेत?" त्रिंबकनं दोन नामांच्या मधल्या फटीत विचारलं.

"बीडहून निगालेत. आजच्या कीर्तनाच्या महाराजांना घिऊन येतेत ना. केजजवळ आलेत म्हणं."

"मगाशी बी केजजवळच होते."

"मग आता केजच्या जास्त जवळ आसत्याल," राधाकिशन म्हणाला. "हुबा ऱ्हा की बाबा. तुला कुठं हाफिसात जायाचंय?"

"ज्वारी पडलीय राधाकिसन. तू घे घडीभर."

"मी?" राधाकिशननं तोंडातला विडा दुसऱ्या गालात घेतला. "वीणा घ्यायला माज्या गळ्यात माळ कुठाय?"

"तात्या?" त्रिंबकनं आसारामतात्यांकडं बघितलं.

तात्यांनी टाळ न थांबवता गुडघ्याकडं बोट केलं. त्यांचे डोळे मात्र त्रिंबकच्या चेहऱ्यावरून हलले नाहीत. दोरीपलीकडून रामप्रसाद म्हणाला, "दाजी, मी घेतली आसती. पर नात मंगळवारी झाली. बुधवारी जन्मली आसती तरी बी काय उपेग न्हवता म्हणा."

तेवढ्यात भिवराबाई आली. अनवाणी, डोक्यावर पदर, पदरात ताटांची कुसं अडकलेली. ती मांडवात शिरली नाही. कडेला उभी राहिली, देवाला हात जोडले आणि नवऱ्याकडं न बघता हळू म्हणाली, "वारं फिरलंय."

"येतो," त्रिंबक म्हणाला.

"मनिषाला एकलीला सोडून आलेय. आमच्यानं दोघींनी न्हाई व्हायचं. तुमी हुबं ऱ्हा. द्यवाचं काम हाय, मी न्हाई म्हणत न्हाई. पर द्यवानं बी आज कुणाला तरी धाडावं की." आणि ती गेली. पळत नाही, पण पळण्याच्या अलीकडं.

त्रिंबक उभा राहिला. पाच मिनिटं. दहा मिनिटं. मांडवाचं कापड फुगलं आणि दोर ताणले. पश्चिमेचं आभाळ आता गावावर आलं होतं, जांभळं काळं. लांब कुठंतरी गडगडलं. बारा वर्षं तो इथं उभा होता, कधी पाय मागं घेतला नव्हता. आणि आता त्याला कळलं, की या उभं राहण्यात निम्मी भक्ती होती आणि निम्मं भ्याव. तानाजीरावाला नाराज करायचं भ्याव. लोक काय म्हणतील याचं भ्याव. देव त्यात कुठं होता, होता तर कुठल्या निम्म्यात, ते त्याला सांगता आलं नसतं.

त्यानं वीणा टेकवली नाही. वीणा घेऊनच तो मांडवाबाहेर पडला.

"आरं!" आसारामतात्या खुर्चीतून उठलेच. "तिरमका! कुठं?"

"रामकृष्ण हरी," त्रिंबक म्हणाला आणि चालत राहिला.

आता वीणा चालली तर टाळाला चालावंच लागतं. विणेला एकटी सोडायची नाही, हे तात्यांना पाळण्यापासून माहीत. ते लंगडत निघाले, टाळ वाजवत. पेंगणारा म्हातारा जागा होऊन त्यांच्या मागं. राधाकिशन आडवा आला. "आरं वीणा मांडवाभाईर कावून नेतोस बे?"

"काल्याला दिंडीत न्हाई जात?"

"ती दिंडी!"

"मग ही बी दिंडीच. तीन माणसाची."

आणि तेवढ्यात घोटाळा झाला.

पाराच्या शेजारचं घर आसारामतात्यांचं. त्यांची सून संगीता दारात वाळवण गोळा करत होती. तिनं वीणा बघितली, मागं सासरा टाळ वाजवत येताना बघितला आणि तिनं हातातलं सूप खाली ठेवलं. "अगं बाई! दिंडी आजच काढली व्हय? पाऊस येतोय म्हणून?"

त्रिंबकनं नाही म्हणायला तोंड उघडलं. बाहेर पडलं ते "रामकृष्ण हरी."

झालं. संगीतानं कळशी आणली. विणेकऱ्याच्या पायावर पाणी घालायचं, कुंकू लावायचं, पाया पडायचं, ही दिंडीची रीत. तिनं सावकाश, भक्तिभावानं उजवा पाय धुतला, मग डावा. त्रिंबक उभा. वर आभाळ गुरगुरतंय आणि खाली संगीता बोटांच्या बेचक्यांतली माती काढतेय. "काका, पाय किती फुटलेत वो," ती म्हणाली. पुढच्या दारात धनश्री आरतीचं ताट घेऊन तयार. त्याच्या पुढच्या दारात म्हातारी छबुबाई, तिला दिसत नव्हतं, म्हणून तिनं आधी वीणा चाचपली, मग पाय चाचपले, मग नातवंडांची नावं घेऊन प्रत्येकासाठी वेगळा नमस्कार केला. चुलाणावरच्या बाया पिठाचे हात घेऊन मागं आल्या. कुणीतरी मृदंग आणला. ज्या वाटेनं त्रिंबक दोन मिनिटांत वेशीपर्यंत पोचला असता, त्या वाटेला बावीस मिनिटं लागली. दर दाराशी त्याचा जीव जळत होता आणि दर दाराशी बायका हात जोडून त्याच्याकडं बघत होत्या, जसा काही तो खराच कुणी होता. "बास, बास," असं तो पुटपुटला तर एक म्हातारी म्हणाली, "किती नम्र वो माळकरी!"

वेशीबाहेर आल्यावर दिंडी मारुतीला वळसा घालून डावीकडं वळते. त्रिंबक उजवीकडं वळला, पाणंदीनं. चाळीसभर माणसं मागं वळली, बहुतेक बायापोरं. आसारामतात्या तेव्हा जवळ आले. त्यांचा श्वास फुलला होता.

"द्यवाला फशिवलंस बे तिरमका."

"द्यवाला न्हाई तात्या. तुमाला."

तात्या थोडं चालले. टाळ थांबला नव्हता. "माज्या गुडघ्याची वाट लावलीस," ते म्हणाले. पण मागं फिरले नाहीत.

रानात मनिषा आणि भिवराबाई पाठमोऱ्या वाकलेल्या होत्या. मृदंगाचा आवाज ऐकून मनिषानं आधी वळून बघितलं आणि तिच्या हातातली पेंढी सुटली. दिंडी बांधावर येऊन थांबली. पुढं वाट नव्हती. पुढं पडलेली ज्वारी होती. लोक एकमेकांकडं बघायला लागले आणि मग सगळे त्रिंबककडं.

त्याला सांगायचं होतं. पण काय सांगायचं? दिंडी नव्हती, मी नाही म्हणालो नाही, माझी ज्वारी भिजतेय. त्याच्या गळ्यात वीणा होती आणि दोन्ही हात अडकलेले. त्या रानाला ज्याचे हात हवे होते, त्याचेच रिकामे नव्हते. त्यानं नुसतं नाम घेतलं, आणि त्याचा आवाज फाटला.

पहिला थेंब मृदंगावर पडला. टप्प.

"बगत काय हुबं ऱ्हायल्यात?" संगीता ओरडली. तिनं पदर कमरेला खोचला आणि रानात उतरली. "बंद वळा की कुणीतरी!"

मग माणसं उतरली. सगळी नाही. राधाकिशन आणि त्याच्या बाजूची सात-आठ बांधावर राहिली, हाताची घडी घालून. "ह्ये काय बरूबर न्हाई," राधाकिशन म्हणत होता. पण चुलाणावरच्या बाया उतरल्या, पिठाचे हात तसेच ताटांना लागले. कुठूनसा रामप्रसादही पळत आला. "ज्वारीला शिवायला सोयर न्हाई ना?" असं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता दोन पेंढ्या काखेत मारल्या. त्रिंबक मधोमध उभा. बोटं तारेवर. "तिकडं खालच्या अंगाला, तिथं लौकर भिजती," हे त्याला सांगायचं होतं. तो हनुवटीनं दाखवत होता आणि कुणाचं लक्ष नव्हतं. एक बाई गाठ ढिली मारत होती. त्याचे हात शिवशिवत होते. बांधणाऱ्यानं बघत उभं राहायचं, याच्याइतकी शिक्षा दुसरी नाही.

पाऊस आला तो एकदम आला. गारा नव्हत्या, एवढीच दया. तात्यांनी खांद्यावरचं उपरणं काढून विणेच्या भोपळ्यावर टाकलं आणि स्वतः भिजत टाळ वाजवत राहिले. सुडीवर ताडपत्री चढली. तिच्याखाली निम्म्याहून जरा जास्त गेलं होतं. उरलेली ज्वारी आडवी पडून भिजत होती. पांढरी कणसं बघता बघता करडी झाली.

तेव्हा पाणंदीच्या तोंडाशी पांढरी गाडी थांबली. तानाजीराव छत्री उघडून उतरले. गाडीत मागं महाराज बसलेले दिसत होते, काच खाली करून बघत. तानाजीराव चार पावलं आले, पायातले जोडे चिखलात रुतले, तसे ते थांबले.

"त्रिंबक! वीणा चिखलात आणलीस? सगळ्या गावाला दोष लावलास. उद्या काल्याला तुज्याबद्दल बोलावं लागंल मला."

मृदंग तेवढा हळू चालला होता.

त्रिंबक त्यांच्याकडं चालत गेला. पाऊस डोळ्यांत जात होता. त्यांच्यापुढं उभा राहिला आणि उपरण्यासकट वीणा पुढं धरली.

"घ्या," तो म्हणाला.

"काय?"

"दोन ते चार तुमचा पहारा हाय. चार वाजायला आजून धा मिनिटं हायेत."

तानाजीरावांनी बांधाकडं बघितलं. राधाकिशन दुसरीकडं बघत होता. गाडीतून महाराज बघत होते. रानातली तीस-पस्तीस माणसं हातात ओल्या पेंढ्या घेऊन बघत होती. नाम तुटेल, आणि आता ते कुणाच्या हातून तुटेल हे सगळ्यांना दिसत होतं. तानाजीरावांनी छत्री मिटली. वीणा गळ्यात घेतली.

त्रिंबक खाली वाकला. चिखलात हात टेकून त्यानं त्यांच्या जोड्यांना कपाळ लावलं, रोजच्यासारखंच, मनापासून. उठला आणि थांबला. नुसता उभा राहिला. हलला नाही.

मग तानाजीराव वाकले. गुडघ्यापर्यंत, त्याच्या खाली, पार पायापर्यंत. पांढऱ्या बाहीची कड चिखलाला लागली.

"रामकृष्ण हरी," ते म्हणाले.

त्रिंबक वळला आणि रानात शिरला. पाऊस अजून पडतच होता. खालच्या अंगाला भिवराबाई एकटी कवळ ओढत होती. त्यानं पेंढी धरली, बंद घातला, पण गाठ मारता येईना. चार तास तारेवर धरलेली बोटं वाकडीच राहिली होती, उघडत नव्हती. त्यानं दातांनी बंद ओढून बघितला. सुटला.

"भिजलेलं बांधून बुरसंल," तो म्हणाला. "आता काय उपेग हाय?"

"गुरुवारी बी ह्येच म्हणलात," भिवराबाई म्हणाली. तिनं त्याच्या हातातला बंद काढून घेतला. "सरका. गुडघा द्या नुसता."

त्यानं गुडघा दिला. पेंढीतून पाणी निथळलं.

"जोरात," ती म्हणाली.